सजेस्टने कुणाचं घोडं मारलंय?

आमच्या कामाला ऑफिसात नुसतं 'क्वालिटी' म्हणतात. परदेशातल्या ग्राहकांना आमची मुलं मेलवर जी उत्तरं लिहितात त्यातली काही उचलायची, वाचायची, शीट भरायची आणि चुकलं असेल तिथे मार्क कापायचे. त्या मार्कांवर महिन्याचा इन्सेंटिव्ह ठरतो. त्यामुळे मी पॅन्ट्रीत चहा घ्यायला गेले की आजूबाजूच्या गप्पा जरा सावध होतात. मध्यंतरी एका दुपारी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, दिवा स्टेशनाहून येणारा एक मुलगा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. त्याच्या मेलमध्ये 'वुई सजेस्ट यू टू रीस्टार्ट द राउटर' असं वाक्य होतं आणि मी व्याकरणाचे मार्क कापले होते. भांडायला आला नव्हता. मोबाइलमध्ये यादीच करून आणली होती त्याने. "मॅम, 'ॲडव्हाइज यू टू' चालतं. 'रिक्वेस्ट यू टू' चालतं. 'आस्क', 'टेल', 'एन्करेज', सगळ्यांना चालतं. मग सजेस्टनेच कुणाचं घोडं मारलंय?" मी म्हटलं, तसं म्हणत नाहीत. तो म्हणाला, "कोण म्हणत नाहीत? आपल्या अख्ख्या फ्लोअरवर म्हणतात."

कापलेले मार्क कापलेलेच राहिले. पण संध्याकाळी ऐरोलीच्या फलाटावर, खाडीवरून येणाऱ्या त्या खारट-कुबट वाऱ्यात उभी असताना त्याची यादी डोक्यातून जाईना. नियम मला पाठ होता. सजेस्टच्या पुढे 'दॅट' घालून नवं वाक्य सुरू करा, नाहीतर क्रियापदाला 'इंग' लावा. वर्षानुवर्षं हेच सांगत आलेय, आणि मुलंही वर्षानुवर्षं मान डोलावून पुढच्या मेलमध्ये पुन्हा तेच लिहीत आली आहेत. का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. ठाण्याला दहा नंबरवर उतरून पुलाच्या जिन्याची गर्दी पार करेपर्यंत मी मनातल्या मनात क्रियापदं दोन ढिगांत टाकत होते आणि दर थोड्या वेळाने एखादं या ढिगातून त्या ढिगात हलवत होते.

किसननगरच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. सर फळ्यावर बाण काढून 'टू अधिक क्रियापदाचं मूळ रूप' असं लिहायचे आणि आम्ही ते वहीत चौकट आखून उतरवायचो. त्या चौकटीचा अर्थ मला लागला तो इंग्रजीच्या तासाला नव्हे, संस्कृतच्या. बाई तुमन्तं शिकवत होत्या. हेत्वर्थक धातुसाधित अव्यय हे नाव ऐकूनच अर्धा वर्ग झोपला. मग त्यांनी म्हणायला लावलं: गन्तुम् इच्छति, पातुम् इच्छति, कर्तुं शक्नोति. माझ्या कानात एकदम 'वॉन्ट्स टू गो, वॉन्ट्स टू ड्रिंक' वाजलं. म्हणजे हे 'टू' काही आभाळातून पडलेलं नाही, याच्या पोटात हेतू आहे, कुठेतरी जायची इच्छा आहे. संस्कृत मी मार्कांसाठी घेतलं होतं, सगळेच घेतात तसं. त्या एका तासापुरतं मात्र ते मार्कांपलीकडे गेलं.

त्या समजुतीवर बरीच वर्षं निभावलं. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, अॅग्री, प्रॉमिस: सगळी पुढे बघणारी क्रियापदं, काम अजून व्हायचंय, म्हणून 'टू'. उलट एन्जॉय, फिनिश, अॅडमिट: काम हातात आहे किंवा होऊन गेलंय, म्हणून 'इंग'. ऐकायला छान. पण 'पोस्टपोन' तर सबंध पुढच्या तारखेवर डोळा ठेवून असतं, त्याला 'इंग' लागतं. 'मॅनेज'मध्ये काम फत्ते झालेलं असतं आणि तिथे 'टू' येतं. 'रिफ्यूज'ला 'टू' आणि 'अव्हॉइड'ला 'इंग', दोघांनाही ते काम करायचंच नाही, हे साम्य असून. खुलासा अर्ध्यावर येऊन थांबतो, आणि पुढचं पाठांतरावर सोडतो.

या 'टू'चा इतिहास बघितला की हा गोंधळ थोडा कळतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या या रूपाला स्वतःचं शेपूट, म्हणजे शेवटी जोडलेला प्रत्यय, होता. 'पिणे' या अर्थी ड्रिंकन. 'टू' हा तेव्हा साधा दिशा दाखवणारा शब्द होता, '-कडे' अशा अर्थाचा. प्यायला, पिण्याच्या दिशेने, असं म्हणायचं असलं की त्याच्यापुढे शेपूट बदलून ड्रिंकेन्ने असं रूप यायचं. पुढच्या काही शतकांत बोलता बोलता शेपटं झिजून गेली. नुसतं 'ड्रिंक' उरलं, आणि ते कसलं रूप आहे हे ओळखायची खूण म्हणून 'टू' पुढे चिकटून राहिलं. दिशेचा अर्थ काही ठिकाणी शाबूत, काही ठिकाणी साफ गेलेला. कॅन, मे, मस्ट ही जुनी खोडं जुन्याच सवयीने 'टू'शिवाय राहिली. 'मेक'चं वागणं तर और आहे. 'यू मेड मी वेट' असं ग्राहक चिडून सांगतो तेव्हा 'टू' नसतं. त्याच तक्रारीची नोंद आमचा मुलगा 'कस्टमर वॉज मेड टू वेट' अशी करतो, आणि तिथे 'टू' आलंच पाहिजे. मुलांना हे सांगताना मी आवाज जरा चढवते, म्हणजे कुणी पुढे विचारत नाही.

हे सगळं कुणीतरी बसून मोजलेलंही आहे. १९६१ साली अमेरिकेत छापून आलेल्या इंग्रजीतले दहा लाख शब्द ब्राउन विद्यापीठात गोळा करून संगणकात घातले गेले. नंतर बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी असाच मोठा संग्रह उभा करून त्यावर शब्दकोश रचला, तो १९८७ मध्ये आला. मग ब्रिटिशांचा दहा कोटी शब्दांचा संग्रह झाला, त्यात छापील मजकुराबरोबर माणसांचं प्रत्यक्ष बोलणंही आहे. पण मला सगळ्यात आवडतो तो कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजीतले ५०० उतारे जमवले, प्रत्येकी साधारण २००० शब्दांचे. आपलं इंग्रजी म्हणजे चुकांचं गाठोडं नसून ते मोजून बघण्याजोगं आहे, असं कोल्हापुरात बसून कुणाला तरी वाटलं, याचा मला उगाच अभिमान वाटतो. असल्या संग्रहात शब्द शोधला की पडद्यावर ओळीच ओळी येतात, प्रत्येकीच्या बरोबर मधोमध तो शब्द, डावी-उजवीकडे त्याचे शेजारी. सिंक्लेअर आणि त्यांच्या माणसांचं म्हणणं असं की क्रियापद आणि त्याचं शेजार वेगळं करताच येत नाही. सारख्या अर्थाची क्रियापदं बहुतेक सारखंच शेजार धरतात.

बहुतेक. सजेस्ट आणि ॲडव्हाइज अर्थाने सख्खे भाऊ आणि शेजार मात्र वेगळं.

रविवारी दुपारी, पंख्याखाली, संग्रहातल्या सजेस्टच्या त्या ओळी वरपासून खालपर्यंत वाचत गेले तेव्हा मला उत्तर सापडलं असं वाटलं. 'टू'कडे बघायलाच नको होतं, 'यू'कडे बघायला हवं होतं. ॲडव्हाइज, आस्क, टेल, रिक्वेस्ट या सगळ्यांच्या डब्यात माणसाला बसायला सीट आहे. 'ॲडव्हाइज मी', 'आस्क हिम', 'टेल हर' असं सरळ म्हणता येतं. माणूस आधी बसला की मग त्याने काय करायचं ते 'टू' लावून मागे जोडता येतं. सजेस्टच्या डब्यात माणसाला सीटच नाही. तिथे गोष्ट बसते, म्हणजे सूचना, आणि माणसाला यायचंच असेल तर 'टू यू' म्हणून दारात लटकावं लागतं. एक्सप्लेनचं तेच, से आणि प्रपोजचंही तेच. म्हणून 'एक्सप्लेन मी' खटकतं आणि 'से हिम टू कम' खटकतं. मी सोमवारी त्या मुलाला हे सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग 'वॉन्ट यू टू'मध्ये यू कुठे बसलाय? मला तुम्ही नकोय, मला तुमचं रीस्टार्ट करणं हवंय." मी त्याच्याकडे बघतच राहिले. बारावी कॉमर्स झालेला हा मुलगा जे म्हणत होता ते भाषाशास्त्रज्ञांनी पानंच्या पानं भरून लिहिलंय. 'वॉन्ट'नंतरचा 'यू' खरं तर वॉन्टचा नसतोच, पुढच्या क्रियापदाचा असतो. साठच्या दशकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवली: जॉन इज ईगर टू प्लीज आणि जॉन इज ईझी टू प्लीज. रचना दिसायला तंतोतंत तीच. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, दुसऱ्यात दुसरे जॉनला खूश करतायत. त्या 'टू'च्या पलीकडे कर्ता लपलेला असतो आणि तो कोण हे अलीकडच्या शब्दावरून ओळखायचं. आपल्याकडेही 'आईने मला यायला सांगितलं' म्हटलं तर मी यायचं, आणि 'आईने मला यायचं कबूल केलं' म्हटलं तर आई येणार. याबद्दल आपल्याला कधी कुणी मार्क दिले नाहीत आणि कापलेही नाहीत.

त्याने लगेच पुढचा चेंडू टाकला. "आणि 'हेल्प यू टू सेट अप' की 'हेल्प यू सेट अप'?" म्हटलं, दोन्ही चालतं. यावर मात्र तो चिडला. "दोन्ही चालतं म्हणजे काय मॅम, मग मार्क कशाचे कापणार?"

मेलशिवाय कॉलही ऐकावे लागतात आम्हाला. हेडफोन लावायचे, पडद्यावर आवाजाची हिरवी नागमोडी रेघ सरकत असते. तिकडच्या माणसाच्या बोलण्यात 'टू' शोधायचं म्हटलं तर सापडत नाही. 'वॉना', 'गॉना', 'हॅफ्टा', 'यूस्टा'. शेपूट झिजलं म्हणून ज्याला पुढे आणून बसवलं तोही आता झिजायला लागलाय. आणि आमची मुलं? 'आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू'. त्यातला ट असा ठणठणीत, टाळूवर जीभ आपटून उच्चारलेला, की रेघेवर तिथे टोक दिसतं. शिकलेला माणूस एकही अक्षर सोडत नाही. मेलमध्ये तर 'आय रिक्वेस्ट यू टू किंडली शेअर' असं त्या 'टू'च्या आणि क्रियापदाच्या मध्ये 'किंडली'ला नेमाने पाट मांडलेला असतो. १८६४ साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी अशी मध्ये घुसखोरी करू नये असं छापून सांगितलं आणि पुढे शंभर वर्षं मास्तर लोक त्यावरून छड्या मारत राहिले. बोलणाऱ्यांनी कधीच ऐकलं नाही. आज ती चूक धरत नाहीत. 'ट्राय ॲन्ड कॉल' घ्या. 'टू'च्या जागी 'ॲन्ड' कशाला? व्याकरणाने बघाल तर काही अर्थ नाही, पण शेकडो वर्षं त्यांच्याकडे तसं म्हणतात, म्हणून ते चालतं. माझ्या शीटवर चूक म्हणजे काय, ते इथे येऊन ठेपतं. दिव्याचा मुलगा 'कोण म्हणत नाहीत' विचारत होता, ते विनाकारण नव्हतं. लाखो माणसं रोज 'सजेस्ट यू टू' लिहितात, वाचणाऱ्याला ते पहिल्या फटक्यात कळतं, राउटर रीस्टार्ट होतो. फक्त लिहिणारी माणसं 'त्यांच्याकडची' नव्हेत.

पण सगळेच नियम असे हवेतले नाहीत, हेही खरं, आणि तिथे मी मार्क कापताना मागेपुढे बघत नाही. 'प्लीज ट्राय टू रीस्टार्ट' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, रीस्टार्ट करणं हेच काहीतरी अवघड काम आहे, जमलं तर बघा. 'ट्राय रीस्टार्टिंग' म्हणजे एकदा करून बघा, कदाचित त्याने सुटेल. घरी हीच मुलं आईला फोनवर 'बंद करून चालू करून बघ गं' असं अचूक सांगतात, 'चालू करायचा प्रयत्न कर' असं कधीच सांगत नाहीत. फरक त्यांच्या तोंडात आहेच, फक्त इंग्रजीत तो कुठे ठेवायचा ते कुणी दाखवलेलं नसतं. 'रिमेंबर टू लॉक' आणि 'रिमेंबर लॉकिंग' यातला फरक तर मला रोज कोपरीच्या पुलावर छळतो. आठवणीने गॅस बंद करायचा होता, हे पक्कं आठवतं. बंद केल्याचं आठवत नाही.

आणि 'फेल टू'.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. एमआयडीसीची सुरुवातच १९६२ साली तिथून झाली, आणि आमच्या लहानपणी भोंग्यांवर घड्याळं लावावीत इतके कारखाने होते. एका पावसाळ्यात आजी गावी आजारी पडली. बाबा गेटवर अर्ज देऊन गेले आणि यायला उशीर झाला. परतल्यावर रजिस्टर पत्र आलं. घरात इंग्रजी येणारी मीच, म्हणून ते माझ्या हातात आलं. जाड कागद, टाइपरायटरची अक्षरं, काही ठिकाणी टिंबाने कागदाला भोक पडलेलं. 'यू हॅव फेल्ड टू रिपोर्ट फॉर ड्युटी'. फेल हा शब्द मला एकाच अर्थाने माहीत होता. मी म्हटलं, बाबा, तुम्ही फेल झालात असं लिहिलंय. बाबा हसले. कूलंटच्या वासाचा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "बघ, शाळा सोडून एवढी वर्षं झाली तरी निकाल लागतोच आहे." पण रात्री जेवताना ते गप्पच होते. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बँकेतल्या काकांनी पत्र वाचून सांगितलं, अहो, घाबरू नका, 'कामावर आला नाहीत' एवढंच आहे त्यात. बाबांनी त्यांना विचारलं, एवढंच असेल तर एवढंच का नाही लिहिलं?

काकांनी सांगितलं ते शब्दशः बरोबर होतं. रोजच्या इंग्रजीत 'फेल टू'ला प्रयत्न केलेलाच असावा लागतो असं नाही. बस येत नाही, मोसमी पाऊस वेळेवर येत नाही, तरी ते 'फेल टू' करतात. पण नोटिसा लिहिणाऱ्यांना हे रूप प्रिय का, ते मला कामाला लागल्यावर कळलं. 'आला नाहीत' ही नुसती नोंद झाली. 'फेल्ड टू' म्हटलं की यायला हवं होतं हे आधीच ठरलेलं असतं, त्यावर वाद घालायला जागाच उरत नाही. आरोप आणि निकाल एकाच क्रियापदात. आजी, एसटी, गेटवरचा अर्ज, सगळं त्या 'टू'च्या अलीकडेच राहून जातं. कारखाना पुढे बंद पडला. वागळे इस्टेटमध्ये आता माझ्यासारखीच माणसं गळ्यात कार्ड घालून फिरतात.

आमच्या टेम्प्लेटांत एक वाक्य आहे. 'इफ यू फेल टू रिस्पॉन्ड विदिन ४८ अवर्स, दिस टिकट विल बी क्लोज्ड.' दिवसातून कितीतरी लोकांना ते जातं. त्यातला कुणी दवाखान्यात असेल, कुणाचं इंटरनेटच बंद असेल, त्याचीच तर तक्रार असते. मार्क कसे द्यायचे हे सगळ्यांनी जुळवून घ्यायच्या कॅलिब्रेशन कॉलवर मी मांडलं की हे बदलू या, 'इफ वुई डोन्ट हिअर फ्रॉम यू' असं करू या. पलीकडून विचारणा झाली, व्याकरणात काही चूक आहे का? म्हटलं, नाही, व्याकरण अगदी शुद्ध आहे. मग राहू द्या, म्हणाले, बघू पुढच्या तिमाहीत. ते बरोबरच होते त्यांच्या परीने. माझ्या शीटमध्ये दुखवणाऱ्या शुद्ध वाक्यासाठी रकाना नाही आणि न दुखवणाऱ्या 'सजेस्ट यू टू'ला मात्र आहे.

दिव्याच्या मुलाने तो कॉल ऐकला होता. तेव्हापासून तो टेम्प्लेटमधली ती ओळ खोडून हाताने दुसरी लिहितो. आता त्याच्या रांगेतल्या आणखी काही जणांनी तेच सुरू केलंय. 'टेम्प्लेट पाळलं का' असा शीटवर प्रश्न असतो. मी 'होय' वर टिक करते आणि पुढचा मेल उघडते. 'सजेस्ट यू टू'चे मार्क अजून कापते. तो अजून विचारायला येतो.